पुस्तक लिहून झालं, पुढे काय? गावाकडच्या लेखकांकडून वारंवार येणारे प्रश्न

वऱ्हाड आणि झाडीपट्टीतल्या लेखकांकडून हस्तलिखित, प्रकाशक, प्रती आणि हिशोब यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ६ वाचा. बाकीची बरीच उत्तरं त्यात सांगितलेल्या हिशोबाच्या वहीवर येऊन टेकतात.

१. वीस वर्षांच्या कविता वह्या, डायऱ्या आणि सुट्या कागदांवर आहेत. सुरुवात कुठून करू?

टायपिंगपासून करू नका, यादीपासून करा. प्रत्येक कवितेला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक मूळ कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहा. यादीत क्रमांक, शीर्षक (नसेल तर पहिली ओळ), साधारण वर्ष, कुठे छापून आली असेल तर अंकाचं नाव आणि महिना, आणि मूळ कागद कोणत्या वहीत आहे एवढं पुरे. यादी करतानाच प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो संच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही ठेवा. उधई आणि गळकं छप्पर विचारून येत नाहीत.

मग तीन गठ्ठे करा: नक्की, बघू आणि नको. ‘नक्की’मध्ये साठ-सत्तर कविता असतील तर संग्रह झाला. सत्कार, निवृत्ती आणि वाढदिवसाच्या कविता बाजूला काढा. त्या ज्यांच्यासाठी लिहिल्या त्यांना आवडतात, इतरांना नाही. एकाच विषयावर पाच असतील तर दोन ठेवा. दुष्काळावरच्या बारा कविता सलग आल्या की सातवीपासून वाचक पानं उलटायला लागतो.

२. फाइल डीटीपीवाल्याकडेच आहे. माझ्याकडे नसली तर चालेल का?

नाही. काम संपलं त्या दिवशी, पैसे देण्याआधी, दोन गोष्टी मागून घ्या: दुरुस्ती करता येईल अशी मूळ फाइल आणि तिची पीडीएफ. तालुक्याच्या गावातलं दुकान बंद होतं, कॉम्प्युटर फॉरमॅट होतो, टाइप करणारा मुलगा नोकरीला पुण्याला जातो, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अख्खं पुस्तक पुन्हा टाइप करावं लागतं. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, दुसरी स्वतःलाच ईमेल करा.

फाइलच्या नावात ‘फायनल’ हा शब्द वापरू नका, कारण त्यानंतर ‘फायनल नवीन’ येतेच. नाव, मसुद्याचा क्रमांक आणि तारीख एवढंच लिहा, उदाहरणार्थ ‘तलाव-मसुदा०३-१४ऑगस्ट’. जुना मसुदा पुसू नका.

३. मजकूर कृतिदेवमध्ये टाइप झालाय आणि प्रकाशक युनिकोड मागतात. पुन्हा टाइप करावं लागेल का?

लागणार नाही. पण कन्व्हर्टरमधून काढलेली फाइल तशीच पाठवूही नका. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या मागे प्रत्यक्षात रोमन कळीचा संकेत साठवलेला असतो. म्हणून तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर मजकूर इंग्रजी अक्षरांच्या राडारोड्यासारखा दिसतो. युनिकोडमध्ये अक्षर स्वतः साठवलं जातं. रूपांतर करताना काही गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फाँटमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर येते. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर चुकतो आणि ‘स्थिती’चं ‘सि्थती’ होतं. वेलांटीपाठोपाठ हलन्त (ि्) असा शोध फाइलमध्ये दिला की अशा सगळ्या जागा एका झटक्यात सापडतात. दुसरा बिघाड ‘ऱ’चा. ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. ‘र्ह’ आणि ‘र्या’ शोधा, पण ‘सगळे बदला’ दाबू नका, नाहीतर ‘मर्यादा’ आणि ‘सूर्या’ही बिघडतील. शिवाय अवतरणचिन्हं, डॅश आणि आकडे डोळ्यांनीच तपासावे लागतात. कवितांच्या फाइलला एक दुपार पुरते, कादंबरीला आठवडा धरा.

४. वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत लिहिलेलं प्रकाशक घेतात का?

घेतात. नकार येतो तो बहुतेक वेळा बोलीमुळे नाही, तर एकाच पानावर ‘मले’ आणि ‘मला’ दोन्ही सापडतात म्हणून. निवेदन कोणत्या भाषेत आणि संवाद कोणत्या, हे आधी ठरवा. मग बोलीतल्या नेहमीच्या रूपांची एक पानाची लेखनयादी करा: मले, तुले, कायले, जाऊन रायलो, जसं तुम्ही लिहिता तसं. ती मुद्रितशोधकाला द्या आणि वर ठळक लिहा, ‘ही रूपं बदलू नयेत’. यादी नसेल तर तो अर्ध्या जागी प्रमाण रूप करतो, अर्ध्या जागी त्याच्या नजरेतून सुटतं, आणि पुस्तक धड ना इकडचं ना तिकडचं होतं.

शब्दार्थ शेवटी दोन-तीन पानांत द्या, कंसात नकोत. ज्याचा अर्थ वाक्यातून कळतो तो शब्द यादीत घेऊच नका.

५. प्रकाशकाकडे नेमकं काय पाठवायचं?

आधी त्यांची सूची बघा. गेल्या दोन वर्षांत त्यांनी तुमच्या प्रकारचं काही काढलंच नसेल तर टपालखर्च वाचवा. मग फोन करून एवढंच विचारा: सध्या हस्तलिखितं घेता का, आणि ईमेलवर की कागदावर? पाठवायचं ते असं: एक पानाचं पत्र, अर्ध्या पानाचा सारांश (शेवटासकट, ‘पुढे काय होतं ते वाचूनच कळेल’ असं लिहू नये), कादंबरीची पहिली तीन प्रकरणं किंवा बारा-पंधरा कविता, आणि शंभर शब्दांत तुमचा परिचय. पत्राचा गाभा असा असावा:

‘महोदय, माझी कादंबरी (सुमारे ४८,००० शब्द, युनिकोड फाइल तयार) आपल्या विचारार्थ पाठवत आहे. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाणीवाटपावरून दोन टोल्यांत (वस्त्यांत) उभ्या राहिलेल्या भांडणाची ही गोष्ट आहे. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद झाडीबोलीत आहेत. यातलं एक प्रकरण दिवाळी अंकात प्रसिद्ध झालं आहे. संपूर्ण हस्तलिखित मागितल्यास लगेच पाठवतो.’

एवढं बस झालं. आमदारांचं शिफारसपत्र, सत्काराचे फोटो आणि आधीच लिहून घेतलेली प्रस्तावना यांनी वजन वाढतं ते फक्त पाकिटाचं. एकमेव मूळ प्रत कुणालाही पाठवू नका.

६. कुठे काय पाठवलं, कुणाकडे किती प्रती आहेत, काहीच लक्षात राहत नाही. हिशोब कसा ठेवू?

दोनशे पानी लांब वही पुरते. मोबाइलवरचं एक्सेल येत असेल तर उत्तम, पण नेट नाही म्हणून नोंद राहिली असं होणार असेल तर वहीच बरी. तिचे दोन भाग करा.

पहिला भाग पाठवणीचा. रकाने: तारीख, काय पाठवलं (मसुद्याच्या क्रमांकासह), कुणाला, कसं (ईमेल किंवा टपालाचा पावती क्रमांक), उत्तर कधीपर्यंत अपेक्षित, आठवण कधी दिली, काय उत्तर आलं. ‘उत्तर कधीपर्यंत’ हा रकाना बहुतेकजण गाळतात आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. दर महिन्याच्या एक तारखेला तेवढा एक रकाना वरून खाली वाचायचा.

दुसरा भाग प्रतींचा. पुस्तक छापून आलं की पहिली ओळ ‘जमा ३००’. त्यानंतर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रतीची ओळ: तारीख, कुणाला, किती, कशापोटी, चलान किंवा बिल क्रमांक, पैसे आले ती तारीख, शिल्लक. ‘कशापोटी’मध्ये चारच शब्द वापरा: विक्री, उधार, भेट, अभिप्राय. भेटीच्या प्रतीही लिहाच. तीनशेपैकी नव्वद प्रती भेट गेल्या हे बहुतेक लेखकांना वही लिहिल्यावरच कळतं. वर्षातून दोनदा, पोळ्याच्या आसपास आणि मार्चअखेर, खोकी उघडून प्रत्यक्ष प्रती मोजा आणि ‘शिल्लक’शी ताळा घाला.

७. एकच हस्तलिखित एकाच वेळी तिघांना पाठवलं तर?

पुस्तकाचा प्रस्ताव पाठवायला हरकत नाही, पण ‘हा इतरत्रही विचारार्थ आहे’ हे पत्रात लिहा आणि एकाने होकार दिला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. कथा-कविता मासिकांना आणि दिवाळी अंकांना मात्र एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. एकच कथा दोन दिवाळी अंकांत आली तर दोन्ही संपादक दुखावतात, आणि ते एकमेकांना ओळखतात.

८. उत्तरच येत नाही. किती दिवस थांबायचं?

तीन महिने थांबा, मग दोन ओळींची आठवण पाठवा. सहा महिने झाले तरी काही नाही, तर ‘हस्तलिखित विचारातून मागे घेत आहे’ असं लेखी कळवा आणि दुसरीकडे पाठवा. दर आठवड्याला फोन केल्याने वाचन लवकर होत नाही.

९. प्रकाशक म्हणतात, ‘छपाईचा खर्च तुम्ही द्या, शंभर प्रती तुम्हाला.’ द्यावे का?

लेखकाने पैसे दिले की तो स्वतःच प्रकाशक होतो. समोरचा फक्त छपाईचं काम करून देतो आणि वर आपलं नाव टाकतो. त्यात गैर काही नाही, पण मग व्यवहारही त्याच डोळ्यांनी बघा. किती प्रती छापणार आणि उरलेल्या कुणाच्या, हे लेखी घ्या. बाहेरच्या छापखान्यातून दरपत्रक घेऊन तुलना करा.

दरपत्रक मागताना ‘पुस्तक छापायचंय’ असं मोघम सांगू नका. असं सांगा: डेमी आकार, १२८ पानं म्हणजे आठ फर्मे (एक फर्मा १६ पानांचा), आत ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो कागद, एकरंगी छपाई, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड चाररंगी, मॅट लॅमिनेशन, प्रती ३००. फर्मा शिवून बांधणार की नुसती पाठ चिकटवणार, हेही विचारा. नुसत्या चिकटवलेल्या पुस्तकाची पानं ग्रंथालयात वर्षभरात सुटतात. पानांची संख्या १३० होत असेल तर दोन पानं कमी करा. त्या दोन पानांसाठी नवा फर्मा चढतो.

१०. करारात काय बघायचं?

मुळात करार लेखी हवा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच ग्राह्य आहे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभर ते वापरलेच नाहीत, तर ते परत लेखकाकडे येतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या तीन शब्दांपाशी थांबा आणि ते ‘पहिल्या आवृत्तीपुरते’ असं करून मागा.

रॉयल्टी छापील किमतीवर की निव्वळ वसुलीवर, हे विचारा. २०० रुपयांच्या पुस्तकावर छापील किमतीच्या १० टक्के म्हणजे प्रतीमागे २० रुपये. तेच ४० टक्के कमिशन वजा जाता उरलेल्या १२० रुपयांवर १० टक्के म्हणजे १२. आवृत्तीत किती प्रती, हिशोब वर्षातून कधी, आणि लेखकाला मोफत प्रती किती, हे आकड्यांत लिहून घ्या.

११. पहिल्या पुस्तकासाठी सरकारी मदत मिळते का?

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना त्यासाठीच आहे. मंडळ जाहिरात देऊन हस्तलिखितं मागवतं, तज्ज्ञ वाचतात, आणि निवड झालेल्या हस्तलिखिताच्या प्रकाशनाला अनुदान मिळतं. अटी आणि अर्जाचा नमुना त्या वर्षीच्या जाहिरातीतलाच वापरा, कुणीतरी फॉरवर्ड केलेला जुना नको. योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे, तेव्हा घाईघाईत चाळीस पानांचं चोपडं छापून घेऊन स्वतःची पात्रता घालवू नका.

१२. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) स्वतः काढता येतो का? किती पैसे लागतात?

येतो, आणि पैसे लागत नाहीत. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो ऑनलाइन अर्जावर मोफत देते. स्वतः प्रकाशन करणारा लेखकही अर्ज करू शकतो. ‘आयएसबीएनचे पाच हजार’ कुणी मागत असेल तर तो अर्ज भरण्याची मजुरी मागतोय, आणि तीही फार. प्रकाशक असेल तर क्रमांक तोच काढतो. मजकूर न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला नवा क्रमांक लागत नाही. सुधारित आवृत्तीला आणि ई-बुकला वेगळा लागतो.

या क्रमांकाने कॉपीराइट मिळत नाही. तो लिहिल्याक्षणीच तुमचा असतो, नोंदणी ऐच्छिक आहे. एक गोष्ट मात्र बंधनकारक आहे आणि स्वतः छापणारे हमखास विसरतात: १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते.

१३. दुकानदाराकडे प्रती ठेवल्या, वर्ष झालं, पैसे नाहीत. काय करू?

चलान असेल तर मागता येतील. नसेल तर ओळखीवर जेवढं निघेल तेवढं. प्रती ठेवतानाच दोन प्रतींत चलान करा: पुस्तकाचं नाव, प्रती, छापील किंमत, कमिशन टक्के, ‘विक्रीनंतर पैसे, न विकल्यास परत’ आणि हिशोबाची तारीख. दुकानदाराची सही आणि शिक्का तुमच्या प्रतीवर घ्या. सुरुवातीला पाचच प्रती ठेवा. संपल्या तर तो स्वतः फोन करतो, पन्नास ठेवल्या तर त्या माळ्यावर जातात. परत आलेल्या प्रतींची ओळ वहीत (प्रश्न ६) पुन्हा ‘जमा’ म्हणून टाका.

१४. गावोगावच्या वाचनालयांना पुस्तक कसं द्यायचं?

शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत आहेत आणि त्यांची खरेदी अनुदानावर चालते. म्हणून ग्रंथपालाला अनुदानाच्या आधी पुस्तक दाखवा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा जा. बिल पक्कं हवं: तारीख, पुस्तक, लेखक, प्रकाशक, किंमत, सवलत, निव्वळ रक्कम. हिशोब तपासणीत अडकेल असं बिल कोणताही ग्रंथपाल घेणार नाही. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी असते. तिच्यासाठी प्रत वेळेत पाठवा, कारण यादीत नाव असलं की ग्रंथपालाला निवडीचं कारण द्यावं लागत नाही. तुमच्या जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाची तारीख जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून कळते.

१५. प्रकाशन समारंभ आणि विक्री कधी ठेवावी?

जून-जुलैत नको. पेरणीच्या धावपळीत माणूस येत नाही आणि आलाच तर खिशात पैसे नसतात. दिवाळीनंतर कापूस, सोयाबीन आणि धानाचे चुकारे हातात यायला लागले की पुस्तकही विकलं जातं. झाडीपट्टीत तेव्हाच मंडई (गावची जत्रा) आणि नाटकांचा हंगाम असतो. आंबेडकरी आणि बौद्ध विचारांच्या पुस्तकांना अशोक विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीवर जेवढे गिऱ्हाईक मिळतात तेवढे वर्षभरात कुठे मिळत नाहीत. संत साहित्य, ग्रामगीतेवरचं लेखन किंवा भजनांचं पुस्तक असेल तर गुरुकुंज मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव बघा. प्रेमकवितांचा संग्रह या दोन्ही ठिकाणी नेऊ नका.

समारंभात पाहुण्यांना मोफत प्रती वाटल्या की विक्रीचा टेबल तिथेच संपतो. मंचावरच्यांना द्या, बाकीच्यांना त्या दिवसापुरती सवलत द्या.

१६. एक प्रत टपालाने पाठवायला पुस्तकाएवढाच खर्च येतो. स्वस्त मार्ग आहे का?

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची सेवा सुरू केली आहे. सुरू झाली तेव्हाचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकीट जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅकिंग होतं. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आणि आत जाहिरातींची पत्रकं घालू नका. प्रश्न ९ मधलं १२८ पानी डेमी पुस्तक साधारण १५५ ते १६० ग्रॅम भरतं, म्हणजे पुठ्ठा आणि पाकीट धरूनही एक प्रत पहिल्या टप्प्यात बसते. पुठ्ठा दोन्ही बाजूंनी घाला, पावसाळ्यात आत प्लॅस्टिक. पावती क्रमांक लगेच वहीत लिहा, कारण थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते.

१७. दिवाळी अंकात आलेली कथा माझ्या संग्रहात घेता येते का?

हक्क लेखी सहीने दिले नसतील तर कथा तुमचीच आहे, घ्या. अंकाचं नाव आणि वर्ष ऋणनिर्देशात द्या. मानधन स्वीकारलं म्हणजे हक्क गेले असं होत नाही, पण मानधनाच्या पावतीवर बारीक अक्षरात काय लिहून सही घेतली ते बघा.

१८. वडील वारले. त्यांच्या कविता छापायच्या आहेत. परवानगी कुणाची?

सगळ्या वारसांची. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट टिकतो आणि शेतजमिनीसारखाच तो वारसांकडे जातो. बहिणींच्या सह्याही लागतात, आणि बहुतेक वेळा त्याच राहून जातात. साध्या कागदावर सगळ्यांचं संमतीपत्र घ्या: कोणतं पुस्तक, किती प्रती, पैसे आले तर वाटणी कशी. मृत्युपत्रात हक्क एकाला दिले असतील तर त्याची सही पुरते. वडिलांच्या ओळी ‘सुधारू’ नका. अक्षर लागत नसेल तिथे चौकटी कंस करा.

१९. आईकडून आणि गावातल्या बायांकडून भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्यात. त्यावर माझं नाव लेखक म्हणून टाकू का?

संकलक किंवा संपादक म्हणून टाका. पारंपरिक गाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं. पण तुमची निवड, मांडणी, टिपा आणि प्रस्तावना तुमची आहे आणि तिला संरक्षण आहे. एखाद्या बाईने स्वतः रचलेली ओवी असेल तर ती पारंपरिक नव्हे, तिची आहे. तिथे तिची संमती आणि नाव दोन्ही हवं. प्रत्येक गाण्याखाली गाणारीचं नाव (तिला चालत असेल तर), गाव, तालुका आणि नोंदवल्याचं वर्ष द्या. ध्वनिमुद्रणाच्या फाइलला यादीतलाच क्रमांक द्या, प्रश्न १ मधल्यासारखा. दोन गावांत एकच गाणं वेगळ्या शब्दांत मिळालं तर दोन्ही पाठ ठेवा, जोडून एक करू नका. भुलाबाईच्या गाण्यात सासरच्या नात्यांचा क्रम गावागणिक बदलतो, आणि अभ्यासकाला नेमका तोच हवा असतो.